लाइटहाउस लेक्स : तिवरांच्या पाण्यात, दोरीने बांधलेल्या चिजांसह

अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या दक्षिण किनाऱ्यावर अरॅन्सस पास आणि पोर्ट अरॅन्सस या दोन गावांना जोडणारा एक लांब, सपाट बांधरस्ता आहे. दोन्ही बाजूंना पाणी, पाण्यात ठेंगणी हिरवी बेटे आणि पूर्वेकडे दूरवर विटांचे एक जुने दीपगृह. १८५७ मध्ये प्रथम उजळलेल्या या दीपगृहाच्या परिसरात उथळ पाण्याचे जे जाळे पसरले आहे, त्यास ‘लाइटहाउस लेक्स’ असे नाव आहे. नावात तळी असली, तरी ही तळी नव्हेत. समुद्राचेच पाणी बेटाबेटांमधून आत शिरून येथे थबकले आहे. कोकणातला माणूस या पाण्याकडे पाहून सहज ‘खाजण’ म्हणून जाईल, आणि ते फारसे चूकही ठरणार नाही.

कारण या बेटांवरची झुडुपे आपल्या ओळखीची आहेत. येथील काळी खारफुटी आपल्या तिवराच्याच कुळातली, एकाच प्रजातीगटातली. चिखलातून पेन्सिलीप्रमाणे वर आलेली तीच श्वसनमुळे, पानांच्या पाठीवर तेच मिठाचे कण. पाण्यावर उड्या मारणारा मासा म्हणजे तर साक्षात आपला बोय. समुद्रांचे अंतर विसरून तोच मासा दोन्ही किनाऱ्यांवर नांदतो. तळाशी कालवांचे धारदार खडक आहेत, गवताळ भागात कोळंबी आहे आणि वाळूत अर्धवट पुरून घेतलेले पाकटही आहेत. ह्यूस्टनला मुलाबाळांकडे किंवा बहिणीकडे गेलेल्या मराठी मंडळींना मॉल आणि मंदिरे दाखवून झाल्यावर यजमानांना पुढे काय दाखवावे हा प्रश्न पडतो. तीन-साडेतीन तासांच्या मोटारप्रवासावर असलेले हे ठिकाण त्या प्रश्नाचे एक चांगले उत्तर आहे.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, गेली अनेक वर्षे येथे एका छंदासाठी येतात. कयाक नावाच्या अरुंद, हलक्या होडीत बसून ते ‘फ्लाय फिशिंग’ करतात. त्यांच्या सोबतीने या पाण्यात जे पाहिले आणि शिकलो, ते आपल्यापुढे ठेवावे असे वाटले. मासेमारी हा आपला विषय नसेल, आपल्यापैकी अनेक जण शाकाहारी असतील, तरीही पुढचा मजकूर आपल्या उपयोगाचा आहे. एका छोट्या होडीत, वाऱ्यात, उन्हात, पाण्याच्या मधोमध माणूस आपल्या वस्तू कशा सांभाळतो, आणि त्या सांभाळताना स्वतःला कसा सांभाळतो, हा यातला खरा विषय आहे.

प्रथम पाण्याविषयी. या खाजणात भरती-ओहोटीचा फरक अगदी थोडा, जेमतेम फूटभर. चंद्रापेक्षा वाराच पाणी अधिक हलवतो. दक्षिण-पूर्वेकडून येणारा वारा सकाळी सौम्य असतो आणि दुपारपर्यंत असा चढतो, की सकाळी सहज कापलेले अंतर परतताना दुप्पट भासावे. बहुतेक ठिकाणी पाणी पोटरी ते गुडघ्याइतके. राज्याच्या वन्यजीव खात्याने आखून दिलेल्या वल्हेमार्गांपैकी हा पहिला मार्ग असून त्यावर ठिकठिकाणी क्रमांकांचे फलक रोवलेले आहेत. ते फलक आवश्यकच आहेत, कारण होडीत बसलेल्या माणसाची नजर तिवरांच्या वर जात नाही आणि प्रत्येक वळण मागच्या वळणासारखेच दिसते. पाण्याखालचे सागरी गवत हा येथील सगळ्या जीवसृष्टीचा पाया. मोटारबोटींच्या पंख्यांनी ते उपटले जाऊ लागले, तेव्हा या रेडफिश उपसागरात गवत उपटण्यास २००६ पासून कायद्याने बंदी घालण्यात आली. वल्ह्याच्या होडीने गवताला इजा होत नाही, हेही कयाकप्रेमाचे एक कारण.

उपसागराला ज्याचे नाव मिळाले तो रेडफिश, म्हणजेच रेड ड्रम, हा तांबूस अंगाचा आणि शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका असलेला मासा. आपला घोळ आणि ढोमा ज्या कुळातले, त्याच कुळातला हा. या कुळातले मासे पोटातल्या हवेच्या पिशवीलगतचे स्नायू थरथरवून ढोलासारखा आवाज काढतात, म्हणून इंग्रजीत त्यांना ‘ड्रम’ म्हणतात. हा मासा उथळ पाण्यात डोके खाली घालून खेकडे हुडकतो, तेव्हा त्याची शेपटी पाण्याबाहेर येते आणि सकाळच्या तिरप्या उन्हात तांब्याच्या पत्र्यासारखी चमकते. ही शेपटी दिसणे, हाच या छंदाचा निम्मा आनंद आहे असे दाजी म्हणतात. मला विचाराल तर तो निम्म्याहून अधिक असावा.

आता फ्लाय फिशिंग म्हणजे काय, ते थोडक्यात. साध्या गळाला शिशाचे वजन असते आणि ते वजन दोरीला ओढून नेते. येथे उलट आहे. गळावर पिसे, केस आणि चकचकीत तंतू गुंडाळून केलेली नकली माशी किंवा खेकडा जवळजवळ वजनरहित असतो. वजन असते ते जाड, मेण लावल्यासारख्या गुळगुळीत दोरीला. नऊ फुटांची लवचीक काठी मागे-पुढे झुलवून ही दोरीच हवेत फेकली जाते आणि ती आपल्यामागे माशीला घेऊन जाते. अशी दोरी रिळावर सुमारे तीस मीटर असते. फेकण्यासाठी त्यातली दहा-पंधरा मीटर आधी उलगडून ठेवावी लागते. ती ठेवायची कोठे? होडीत, आपल्या मांडीवर, पायांशी.

आणि येथेच सगळी गंमत, किंवा सगळी पंचाईत, सुरू होते.

कयाकची रुंदी हातभर-दीड हात. तिच्यात आपण आहोत, वल्हे आहे, दोन काठ्या आहेत, माशांच्या चिमट्यापासून पाण्याच्या बाटल्यांपर्यंत वीस-पंचवीस लहानमोठ्या चिजा आहेत. होडी कलंडली, तर न बांधलेली प्रत्येक वस्तू पाण्यात जाणार. काही तरंगत वाऱ्याबरोबर दूर जातील, काही तळाशी गवतात बसतील. म्हणून नवखा माणूस पहिल्याच उत्साहात सगळे बांधून टाकतो. काठीला दोरी, वल्ह्याला दोरी, चिमट्याला दोरी, टोपीला दोरी. मग तो फेकीसाठी आपली दहा मीटर दोरी पायाशी सोडतो, मासा लागतो, दोरी सापासारखी उसळत वर निघते आणि वाटेत जे जे भेटेल त्याला विळखा घालते. आसनाची बकल, पादाधार, चिमट्याचा दांडा, वल्ह्याचे पाते, बुटाची नाडी. क्षणार्धात बारीक धागा तुटतो आणि मासा जातो. हे केवळ माशापुरते असते तर आपण हसून सोडून दिले असते. परंतु ज्या दोऱ्यांनी वस्तू होडीला जखडल्या जातात, त्याच दोऱ्यांत उलटलेल्या होडीखाली माणसाचा पाय किंवा हात अडकू शकतो. वस्तू हरवू नये म्हणून केलेली तजवीज जिवावर बेतू शकते, हे या छोट्याशा छंदातले फार मोठे सत्य आहे. बंदोबस्त हवा, पण तो विचाराने केलेला हवा.

दाजींची पद्धत मी दोन दिवस बारकाईने पाहिली. त्यांची होडी निघण्यापूर्वी पाहाल, तर आसनाच्या पुढचा सगळा भाग स्वच्छ, मोकळा. तेथे एकही आकडा नाही, एकही पेटी नाही. जे आहे ते आसनाच्या मागे. तेथे दुकानदार दुधाच्या पिशव्या ठेवतात तसला प्लास्टिकचा एक क्रेट आहे आणि तो ताणाच्या दोन दोऱ्यांनी एकमेकींना छेद देऊन घट्ट आवळलेला आहे. माशांची डबी, अतिरिक्त रीळ, पक्कड, जेवणाचा डबा हे सारे त्या क्रेटमध्ये. क्रेटच्या तोंडावरही जाळी, कारण होडी उलटते तेव्हा क्रेट जागेवर राहतो आणि आतले सगळे पाण्यात सांडते. आसनाच्या पुढे जी काही दोन-चार अपरिहार्य टोके उरतात, त्यांवर ते एक ओला पंचा पसरतात. “या पंच्याने माझे जेवढे मासे वाचवले, तेवढे महागड्या काठीने वाचवले नाहीत,” असे ते सांगतात. पंचा अर्थातच सोलापूरचा, बहिणीने मागच्या खेपेला नेलेला. ओला असला म्हणजे वाऱ्याने उडत नाही, दोरी त्यावरून अलगद सरकते आणि दुपारी मानेवर घ्यायलाही तोच.

काठ्यांचा बंदोबस्त निराळा. वापरात नसलेली काठी आसनामागच्या नळीत उभी ठेवली, तर फेकताना मागे जाणारी दोरी नेमकी तिला गुंडाळते. शिवाय तिवरांच्या अरुंद वाटेत तिचे नाजूक टोक फांदीत अडकून मोडते. म्हणून ती काठी होडीच्या कडेने आडवी, टोक आतल्या बाजूला ठेवून बांधायची. हातातल्या काठीला मात्र दाजी उथळ पाण्यात दोरी लावत नाहीत. पडली तर गुडघाभर पाण्यातून ती उचलता येते. खोल पाणी ओलांडताना दोन्ही काठ्यांची दोरी, म्हणजे गुंडाळीच्या आकाराची, ओढल्यास लांबणारी आणि सोडल्यास आखडणारी, होडीच्या कडीला लागते. ही दोरी हातभरापेक्षा लांब असू नये. लांब, सैल दोरी म्हणजे फासच. आणि कोणतीही दोरी, कधीही, आपल्या मनगटाला, कमरेला किंवा घोट्याला बांधू नये. आपल्याकडे पाग टाकणारा कोळी जाळ्याची दोरी मनगटात अडकवतो हे खरे, परंतु त्याच्या पायांखाली जमीन असते आणि जन्माचा सराव असतो.

वल्ह्याची गोष्ट काठीहून महत्त्वाची, आणि नवख्यांना ते पटवून द्यावे लागते. काठी महाग असते, म्हणून माणूस तिला जपतो. वल्हे स्वस्त असते, म्हणून मांडीवर आडवे टाकून फेकीला लागतो. वल्हे गेले की होडी वाऱ्याच्या मालकीची झाली. म्हणून वल्ह्याला नेहमी दोरी, तीही होडीला जोडलेली, आणि फेकताना वल्हे कडेच्या खोबणीत, पाते मागच्या दिशेने.

आता मी त्या पाण्याच्या एका विशिष्ट जागेकडे आपले लक्ष वेधतो. बांधरस्त्याच्या कडेला जेथे होडी पाण्यात सोडतात, तेथून तिवरांच्या बेटांपर्यंत जाण्यासाठी अरॅन्सस चॅनल हा खोल जलमार्ग ओलांडावा लागतो. तो फार रुंद नाही, पण त्यातून मोटारबोटी वेगाने जातात. त्यांच्या मागून उठणाऱ्या लाटा आडव्या आल्या, तर अरुंद होडीला हेलकावा बसतो. उथळ पाण्यात कलंडलेला माणूस उभा राहतो, हसतो, टोपी शोधतो. येथे उभे राहता येत नाही.

आमच्या पहिल्या सकाळी सोळा वर्षांचा भाचा दाजींच्या पुढे होता. एका मोठ्या बोटीच्या लाटेने त्याची होडी तिरपी झाली आणि तो पाण्यात पडला. अंगात जॅकेट असल्याने तो तात्काळ वर आला. परंतु त्याच्या काठीची कडी लावायची राहिली होती, आणि काठी त्याच्यापासून चार-पाच हातांवर हलकेच बुडत होती. नवी काठी, वाढदिवसाची. त्याने होडीची कडा सोडली आणि काठीकडे हात टाकला.

“काठी जाऊ दे! होडी धर, आधी होडी!” दाजींचा आवाज मी एवढा चढलेला कधी ऐकला नव्हता.

“बाबा, दिसतेय अजून!”

“होडी धर म्हणतो ना!”

त्याने होडी धरली. वारा एव्हाना तिला ढकलू लागलाच होता. रिकामी होडी वाऱ्यावर पोहणाऱ्या माणसाहून भरभर पळते, हे त्या दोन-तीन क्षणांत मी डोळ्यांनी पाहिले. वल्हे दोरीला होते, ते होडीसोबतच राहिले. दाजींनी आपली होडी आडवी लावून धरली, भाच्याने पालथी झालेली होडी सरळ केली, पोट टेकवून तीवर चढला आणि मग वळून बसला. हा प्रकार त्याने पोहण्याच्या तलावात अनेकदा केलेला होता, म्हणून तो येथे एका दमात जमला. क्रेट जागेवर होता. काठी गेली. सकाळचे उरलेले तास तो गप्प होता, आणि दाजीही त्याला काही बोलले नाहीत. दुपारी जेवताना त्यांनी आपली दुसरी काठी त्याच्या होडीला बांधून दिली, एवढेच.

पाण्यात पडल्यावरचा क्रम डोक्यात आधीपासून पक्का असावा लागतो : प्रथम होडी, मग वल्हे, आणि बाकीचे जमल्यास. पाण्यात पडल्यावर विचार करायला वेळ नसतो. हात आपोआप मौल्यवान वाटणाऱ्या वस्तूकडे जातो. म्हणूनच वस्तू आधी बांधलेली असावी, की तिच्यामागे जाण्याचा मोहच होऊ नये. कडी लावणे हे काठीच्या किमतीसाठी नसून आपल्या त्या मोहासाठी आहे, अशा दृष्टीने पाहिल्यास हा सगळा खटाटोप एकदम अर्थपूर्ण वाटू लागतो.

याच विचाराचा दुसरा भाग आपल्यासारख्या कुटुंबवत्सल वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावा. ज्या वस्तूंवर जीव अवलंबून आहे त्या होडीला बांधायच्याच नाहीत. त्या अंगावर हव्यात. होडी आणि माणूस यांची ताटातूट झाली, तर होडीवरच्या पेटीतला फोन कोणाच्या उपयोगाचा? दाजींच्या जॅकेटच्या खिशांत पाणी न शिरणाऱ्या पिशवीतला फोन, शिट्टी आणि बोथट टोकाची एक लहान सुरी असते. सुरी मासा कापण्यासाठी नसून दोरीत अडकल्यास ती कापण्यासाठी आहे, आणि म्हणून ती दोन्हींपैकी कोणत्याही हाताने निघेल अशी छातीवर लावलेली. दम्याचा पंप वापरणाऱ्याने तो जॅकेटच्याच खिशात ठेवावा. मधुमेह असणाऱ्याने साखरेच्या गोळ्यांची पुडी तेथेच ठेवावी, कारण वाऱ्याविरुद्ध वल्हवताना साखर अनपेक्षितपणे उतरू शकते. इन्शुलिन मात्र उन्हात तापणाऱ्या होडीत न ठेवता थंड पिशवीत किनाऱ्यावर ठेवलेले बरे. सोबत न्यावेच लागत असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारून व्यवस्था करावी. चष्मा हा आणखी एक नाजूक मुद्दा. चाळिशीनंतर बारीक गाठ मारायला जवळचा चष्मा लागतो आणि पाण्यातला मासा पाहायला ध्रुवीकरण करणारा गडद चष्मा. दोन्हींना मानेमागून तरंगणारा पट्टा हवा. तो गडद चष्मा डोळ्यांवरून काढूच नये, कारण वाऱ्याने भरकटलेला गळ सर्वप्रथम चेहऱ्याकडेच येतो. गळाचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून टाकला, तर कातडीत घुसलेला गळ सहज निघतो. डोळ्यात किंवा डोळ्यालगत गळ रुतल्यास तो स्वतः काढण्याचा प्रयत्न करू नये. डोळ्यावर दाब न देता तो भाग झाकावा आणि रुग्णालय गाठावे.

जॅकेटविषयी वेगळे सांगायला नको, तरी सांगतो. टेक्सासमध्ये छोट्या होडीतील १३ वर्षांखालील मुलांनी प्रवासात ते अंगात घालणे सक्तीचे आहे. मोठ्यांसाठी ते होडीत असले की कायदा समाधानी होतो. पाणी तेवढ्याने समाधानी होत नाही. फेकताना काखेत रुतते म्हणून अनेक जण ते मागे ठेवतात. त्यासाठी पाठीचा भाग उंचावर असलेली, हात मोकळे ठेवणारी खास जॅकेटे मिळतात.

उथळ पाण्यात पोहोचल्यावर बरेच जण होडीतून उतरून चालत मासा शोधतात, आणि येथे सर्वांत मोठी वस्तू हरवण्याची शक्यता असते : खुद्द होडी. नजर शेपटीवर, पाय चिखलात, आणि पाठीमागे होडी हळूहळू पाव कोस गेलेली. त्यासाठी एक सडपातळ फायबरचा खुंट चिखलात तिरपा रोवून होडी त्याला बांधतात. नांगरापेक्षा हा बरा, कारण नांगर ओढत गवत उपटतो. प्रवाहाच्या पाण्यात नांगर टाकायचाच झाला, तर तो होडीच्या टोकाशी बांधावा. मध्यावर बांधलेल्या नांगराने होडी प्रवाहाला आडवी होते आणि उलटते.

चिखलात चालताना पाय उचलून टाकू नयेत, घासत पुढे न्यावेत. आवाजाने आणि हालचालीने पाकट दूर सरकतो. पाय त्यावर पडलाच आणि शेपटीचा काटा लागला, तर वेदना असह्य असते. सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश सेल्सिअसच्या वर नाही, अर्धा ते दीड तास पाय बुडवून ठेवल्यास ती बरीच शमते. पाणी किती गरम आहे ते दुखऱ्या पायाने न जोखता चांगल्या हाताने जोखावे. जखमेत काट्याचा तुकडा राहिला असण्याची शक्यता असते, म्हणून डॉक्टरांना दाखवणे आवश्यकच. काटा छातीत किंवा पोटात रुतला असेल, तर तो उपसू नये. कालवांनी कापलेल्या जखमांबाबत याहून अधिक सावध असावे. उबदार मचूळ पाण्यात व्हिब्रिओ नावाचे जीवाणू असतात. यकृताचा आजार, मधुमेह किंवा कमी झालेली प्रतिकारशक्ती असलेल्या व्यक्तींना त्यांचा संसर्ग प्राणघातक ठरू शकतो. अशा व्यक्तींनी उघडी जखम घेऊन या पाण्यात उतरू नये. पाण्यात झालेली कोणतीही जखम साबणाने आणि स्वच्छ पाण्याने तात्काळ धुवावी. तिच्याभोवतीची लाली तासातासाला पसरू लागली, फोड आले किंवा ताप भरला, तर सकाळची वाट पाहू नये. पाण्याखाली जाणाऱ्या बुटांचा तळ जाड असावा, हे ओघाने आलेच.

उन्हाचे काय? सावली नावाची वस्तू येथे नाही. तिवर कमरेच्या वर फारसा जात नाही. वरून पडते ते ऊन आणि पाण्यावरून उसळते ते ऊन, असे दुहेरी. लांब बाह्यांचा सदरा, मानेवर पंचा आणि पायांच्या वरच्या बाजूला मलम, कारण होडीत बसलेल्या माणसाचे पायच सर्वाधिक भाजतात. मलम लावल्यावर हात धुवावेत. त्याचा तेलकटपणा दोरीलाही खराब करतो, असे दाजींचे मत. चार तासांसाठी माणशी तीन लिटर पाणी ते नेतात, आणि त्यातली एक बाटली लिंबू, मीठ, साखर घातलेली.

एवढा सगळा बंदोबस्त करून मिळते काय, असे आपण विचाराल. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास वारा पडलेला होता. एका आतल्या खाजणात तीन गुलाबी चमचे पक्षी पाणी चाळत होते. दाजींनी हाताने खूण केली. चाळीस हातांवर दोन शेपट्या, किंचित थरथरत, पुन्हा खाली गेलेल्या. त्यांनी काठी उचलली. पायाशी सोडलेली दोरी ओल्या पंच्यावरून नि:शब्द सरकत गेली, कोठेही अडली नाही, आणि नकली खेकडा शेपटीच्या हातभर पुढे पडला. पुढची दहा मिनिटे रीळ किरकिरत राहिले. मासा होडीलगत आला तेव्हा त्यांनी त्याला पाण्याबाहेर न काढता मोजपट्टीच्या खुणेशी धरले. तीस इंचांचा. टेक्सासमध्ये साधारणपणे २० ते २८ इंचांच्या दरम्यानचेच रेडफिश ठेवता येतात, तेही दिवसाला तीन. मोठे मासे वंश पुढे चालवतात म्हणून त्यांना राखायचे. १९८१ मध्ये या राज्याने आपल्या रेडफिशची विक्रीच बंद केली. त्याच दशकात न्यू ऑर्लिन्सचे बल्लवाचार्य पॉल प्रुडोम यांच्या तव्यावर काळपट भाजलेल्या रेडफिशने देशभर अशी हवा केली, की आखातातला हा मासा संपतो की काय असे वाटू लागले. आज तो पुन्हा विपुल आहे. गळाला उलटा काटा नसल्याने तो बोटाच्या एका हिसक्याने निघाला. दाजींनी माशाला शेपटीकडून धरून तोंड प्रवाहाकडे केले आणि तो आपण होऊन गेला.

भाचा हे सारे शेजारच्या होडीतून पाहत होता. “मामा, पुढच्या वेळी तुम्ही,” तो म्हणाला, आणि नकळत त्याचा हात आपल्या काठीच्या कडीकडे जाऊन आला.

हा छंद आपण करावा असा माझा आग्रह नाही. परंतु गोव्याच्या तिवरांतल्या खाड्यांमध्ये आता कयाकची सैर सहज घडते, आणि सुटीत मुलांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबांना तेथेही हेच लागू पडते. फोन, चष्मा, औषधे, गाडीची किल्ली यांची विभागणी किनाऱ्यावरच करावी. मुलांना एकदा मुद्दाम, उथळ आणि ओळखीच्या पाण्यात, जॅकेटसह होडी उलटवू द्यावी. परत कसे चढायचे हे त्यांना खेळात शिकता येते. निघण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या एखाद्या माणसाला आपण कोठे जातो आणि केव्हा परतणार ते सांगावे. आणि सकाळी लवकर निघून वारा चढण्यापूर्वी परतावे. जाताना वाऱ्याविरुद्ध, येताना वाऱ्यासोबत असा मार्ग निवडता आला, तर उत्तम.

टेक्सासला जाणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी आणखी. मासेमारीसाठी राज्याचा परवाना आणि त्यावर खाऱ्या पाण्याची जोड लागते, केवळ वल्हवण्यासाठी लागत नाही. शरद ऋतूत हवा सर्वांत सुखद असते. नोव्हेंबरनंतर गेलात, तर उत्तरेच्या अरॅन्सस अभयारण्यात हूपिंग क्रेन हे उंच, शुभ्र क्रौंच दिसतील. १९४१ च्या हिवाळ्यात येथे येणाऱ्या थव्यात अवघे पंधराच्या आसपास पक्षी उरले होते, आज पाचशेहून अधिक येतात. पोर्ट अरॅन्ससची मोटारी वाहून नेणारी फेरीबोट विनामूल्य आहे, आणि तिच्या सोबतीने बहुधा डॉल्फिन पोहतात.

परतल्यावर दाजींचे तासभर काम चालते. खारे पाणी धातूला खाते, म्हणून रिळे, पक्कड, कड्या, सारे गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळत घालायचे. ताणाच्या दोऱ्या उन्हाने आतून कुजतात आणि वरून शाबूत दिसतात. म्हणून प्रत्येक दोरी ते दोन्ही हातांनी ताणून, कानाशी नेऊन ऐकतात. जी करकरते ती कापून टाकायची. त्या संध्याकाळी भाच्याच्या होडीवरच्या तीन दोऱ्या निघाल्या. अंगणातल्या नळाखाली बसून त्याने नव्या दोऱ्यांची टोके मेणबत्तीवर वितळवून बंद केली, आणि बहिणीने पंचा धुऊन दांडीवर टाकला.